मावशीला माहीत असतं

शिशुगृहातल्या बाळांना आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री उठून दूध देणाऱ्या बायकांना पुण्या-मुंबईत सगळेच ‘मावशी’ म्हणतात. मावश्या पाळीनं येतात. एकीच्या वाट्याला बरीच बाळं असतात, तरी कोणतं बाळ कसं आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. हिला दूध कोमटच लागतं. जरा निवलं की तोंड फिरवते. हा तिन्हीसांजेला किरकिर करतो, पण उचलून खिडकीपाशी नेलं की गप्प. ही झोप आली की स्वतःच्या कानाची पाळी ओढते, आणि ओढायला लागली की लगेच पाळण्यात ठेवायचं, नाहीतर झोप मोडते.

बाळ परदेशात दत्तक जायचं ठरलं की त्याच्या आधी त्याचे कागद जातात. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे त्यांत बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल असतो. वजन, उंची, डोक्याचा घेर, टोचलेल्या लशी, रक्ताच्या तपासण्या, मान कधी धरली, कुशीवर कधी वळलं. स्टॉकहोममध्ये किंवा माद्रिदमध्ये बसलेले आईबाप हे कागद पाठ होईपर्यंत वाचतात. कानाच्या पाळीचं मात्र त्यात क्वचितच लिहिलेलं असतं.

मला जे सांगायचं आहे ते त्या कानाच्या पाळीपासून सुरू होतं. दुसऱ्या देशातून घरी आलेल्या बाळाची ओळख करून घेताना पालकांना वाटतं, आपली आणि त्याची सुरुवात आज होते आहे. बाळाच्या बाजूनं पाहिलं तर ते एका भरल्या घरातून उठून आलेलं असतं. ते घर संस्थेचं असेल, तिथे गर्दी असेल, हात कमी पडत असतील. तरी तिथले आवाज, तिथले वास, उचलण्याची पद्धत, दिवसाच्या वेळा बाळाच्या अंगात मुरलेल्या असतात. आणि हे सगळं ज्या एका माणसाला सांगता येतं, त्या मावशीशी नव्या पालकांची भेट बहुतेकदा घाईत, फोटो काढण्यापुरती होते.

इतकं लहान बाळ बरोबर घेऊन येतं तरी काय? १९८० साली अमेरिकेत अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी एक प्रयोग केला. जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात त्यांनी यंत्राला जोडलेली चोखणी दिली. एका लयीत चोखलं की बाळाला स्वतःच्या आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आपली चोखण्याची लय बदलली आणि आईचा आवाज मिळवला. जगात येऊन त्यांना जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते, पण गर्भातलं बाळ सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागतं. पुढे २००९ मध्ये जर्मनीतल्या कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० नवजात बाळांचं नुसतं रडणं ध्वनिमुद्रित केलं; निम्मी फ्रेंच, निम्मी जर्मन. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाई, जर्मन बाळांचा वरून खाली उतरे. त्या दोन भाषांच्या बोलण्याची चालही तशीच आहे. मराठी बोलणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेलं बाळ पहिला टाहो फोडतं, तेव्हा त्याच्या कानांवरून काही महिन्यांचं मराठी गेलेलं असतं.

नाकाचंही तसंच. १९७५ मध्ये ऑक्सफर्डच्या एडन मॅकफार्लेन यांनी स्तनपान देणाऱ्या आयांची दुधानं भिजलेली कापडी घडी बाळाच्या गालाच्या एका बाजूला ठेवली आणि दुसऱ्या बाईची दुसऱ्या बाजूला. आठवड्याभराची बाळं आपल्या आईच्या घडीकडे जास्त वेळ तोंड वळवत होती. म्हणून दत्तक बाळांच्या क्षेत्रात काम करणारी जाणती माणसं पालकांना एक साधी गोष्ट सांगतात: बाळ ज्या दुपट्यात झोपतं ते मागून घ्या, आणि धुऊ नका. नव्या घरी आणलेल्या मऊ, महागड्या पांघरुणाला कसलाच ओळखीचा वास नसतो. त्या जुन्या, विटलेल्या दुपट्याला दुधाचा, तेलाचा, मावशीच्या पदराचा वास असतो. ते पाळण्यात राहू द्यावं. जमलं तर नव्या आईनं भेटीच्या पहिल्या दिवशीच आपली एक वापरलेली ओढणी संस्थेत ठेवून जावी, म्हणजे दोन्ही वास काही दिवस एकत्र नांदतील.

आंघोळीचं घ्या. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसते, पाय लांब करते, बाळाला पायांवर पालथं घेते, तेल जिरवते, तांब्यानं ऊन पाणी ओतते. बाळाच्या छातीला, पोटाला माणसाच्या नडग्यांचा आधार असतो. ज्या बाळाची ही सवय आहे त्याला एके दिवशी पांढऱ्या टबात, पाण्यात, उताणं धरलं तर ते हातपाय झाडून आकांत करेल. पालकांना वाटतं, याला पाण्याची भीती आहे. भीती पाण्याची नसते, पोटाखालचा आधार गेल्याची असते. झोपेचंही असंच आहे. संस्थेच्या खोलीत पाळण्यांची रांग असते. पंख्याची घरघर असते, रात्रभर एखादा दिवा असतो, कुणीतरी रडत असतं, कुणीतरी चालत असतं. युरोपातल्या घरात बाळासाठी वेगळी, शांत, अंधारी खोली सजवून ठेवलेली असते. त्या शांततेत बाळ दचकून जागं होतं, कारण इतकी शांतता त्यानं कधी ऐकलेलीच नसते.

कोरियाचा अनुभव याबाबतीत फार शिकवून जातो. कोरियन युद्धानंतर, १९५०च्या दशकापासून, त्या देशातून सुमारे दोन लाख मुलं अमेरिका आणि युरोपात दत्तक गेली. पुढच्या काळात यातली पुष्कळ बाळं जाण्याआधी काही महिने एखाद्या कोरियन कुटुंबात सांभाळायला ठेवलेली असत. तिथली सांभाळणारी आई बाळाला ‘पोदेगी’ नावाच्या कापडानं पाठीला बांधून घरकाम करी, रात्री उबदार जमिनीवर आपल्या शेजारी घेऊन झोपे. ते बाळ मिनेसोटात आलं की त्याला गजांच्या पलंगात एकट्याला ठेवलं जाई. ज्यांना हे माहीत झालं त्या पालकांनी आपली गादी जमिनीवर टाकली, कापड मागवलं, बाळाला पाठीला बांधायला शिकले. मला हे फार मोलाचं वाटतं. बाळानं आपल्या सवयी बदलण्याआधी पालकांनी आपल्या बदलल्या.

खाण्यात हाच नियम. जे दूध चालू होतं तेच काही आठवडे चालू ठेवावं आणि नवं हळूहळू मिसळत जावं. मऊ भात, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं खाणारं बाळ डबाबंद भाज्यांच्या गोळ्याला तोंड लावेलच असं नाही. बाटलीच्या बुचाचं भोकही पाहावं. काही संस्थांत दूध लवकर संपावं म्हणून ते मोठं केलेलं असतं, आणि नव्या बाटलीतून थेंबथेंब येणारं दूध पिताना बाळ रडकुंडीला येतं.

प्रवासाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आज नियमाप्रमाणे पालकांनी येऊन बाळाला न्यायचं असतं. १९७०–८०च्या दशकांत अनेक बाळं सोबत्यांच्या हाती विमानानं पाठवली जात आणि आईबाप त्यांना विमानतळावर पहिल्यांदा पाहत. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यात दत्तकाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांबरोबरच, कोवळ्या मुलांना जिवाला धोका पत्करून इतक्या लांब पाठवलं जातं ही तक्रार होती. त्या पत्रालाच याचिका मानून न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठानं १९८४ मध्ये परदेशी दत्तकासाठी सविस्तर नियम घालून दिले. पुढे १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली आणि २००३ मध्ये भारतानं आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या हेग कराराला मान्यता दिली. हा सगळा इतिहास बाळाला कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की पहाटे कुणीतरी उठवलं, कानात दडे बसले, आणि उठल्यावर एकही ओळखीचा माणूस नव्हता. शिवाय भूक आणि झोप अजून जुन्याच घड्याळावर चालते. पुण्यात सकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. पहिला आठवडा बाळ रात्री खेळतं, दिवसा झोपतं. त्यावरून त्याच्या स्वभावाविषयी काहीही ठरवू नये.

आता खरी अवघड गोष्ट. नव्या घरात आलेलं बाळ खूप रडलं, तर पालक घाबरतात. अजिबात रडलं नाही, तर खूश होतात. भेटायला येणारेही म्हणतात, किती शहाणं आहे, मुळीच त्रास देत नाही. मला या ‘शहाण्या’ बाळांची जास्त काळजी वाटते. जिथे रडून लगेच कुणी येत नाही तिथे बाळ रडणं कमी करतं. आणि ज्याचं सगळं ओळखीचं एका दिवसात गेलं, ते कधी कधी गोठून गेल्यासारखं गप्प होतं. १९५०च्या सुमाराला लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी आईपासून दूर, रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. मुलं आधी आकांत करत, मग खिन्न होत, आणि शेवटी शांत, हसरी, पण अलिप्त होत. या शेवटच्या अवस्थेला तिथले कर्मचारी ‘रुळलं’ म्हणत. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये अशा एका दोन वर्षांच्या मुलीवर लघुपट केला, आणि रुग्णालयांत आईला मुलाजवळ राहू देण्याचा आग्रह पुढे त्यातून वाढत गेला.

किती वयाचं बाळ किती हलतं, याचाही अभ्यास झाला आहे. लिऑन यॅरो यांनी अमेरिकेत सांभाळणाऱ्या घरातून दत्तक घरात गेलेली बाळं पाहिली. तीन महिन्यांच्या आतल्या फार थोड्या बाळांत बिघाड दिसला. सहा महिन्यांच्या पुढे बहुतेक सगळी अस्वस्थ झाली: झोप गेली, खाणं गेलं, चिकटणं किंवा तोंड फिरवणं सुरू झालं. सात-आठ महिन्यांचं बाळ आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवू लागतं, त्याच सुमाराला त्याला उचलून नेलं तर हे होणारच. आठ महिन्यांचं बाळ रडतं ते नव्या आईचा राग म्हणून रडत नाही. त्याचं कुणीतरी होतं, म्हणून रडतं. मावशीसाठी रडू शकणारं बाळ माणसाशी जोडलं जाऊ शकतं, आणि ही त्या घरासाठी चांगली बातमी असते.

डेलावेअर विद्यापीठातल्या मेरी डोझियर आणि चेस स्टोव्हल यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. अनोळखी घरी नुकत्याच आलेल्या बाळांना सांभाळणाऱ्या स्त्रियांना त्यांनी रोजची टिपणवही ठेवायला सांगितली. आज बाळाला लागलं तेव्हा त्यानं काय केलं? घाबरलं तेव्हा कुणाकडे पाहिलं? तुम्ही काय केलंत? साधारण वर्षाच्या आत आलेली बाळं काही आठवड्यांतच त्या स्त्रीकडे धाव घेऊ लागली. त्याहून मोठी मुलं लागलं तरी जवळ येत नसत, उचललं तर अंग ताठ करत. वह्यांतून कळलेली महत्त्वाची गोष्ट ही, की बाळानं तोंड फिरवलं की बाईही नकळत दूर होई. याला मी नको आहे, असं वाटून ती त्याला एकटं सोडी. दोघंही एकमेकांना नाकारत नव्हती, पण दिसत तसंच होतं. यावर डोझियर यांनी जो दहा भेटींचा कार्यक्रम पुढे बांधला त्याचं एक सूत्र असं: बाळाला तुमची गरज नाही असं ते दाखवत असलं, तरी ती आहे असं धरून वागा. पडलं आणि रडलं नाही, तरी जवळ जा, उचला, फुंकर घाला.

याच्या उलट बाजूचं बाळही असतं. ते कुणाकडेही जातं, दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही हात पसरतं. घरच्यांना कौतुक वाटतं. अनेक हातांत वाढलेल्या बाळाला ‘माझं माणूस’ ही कल्पना अजून यायची असते. म्हणून पहिले काही आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं, लागल्यावर उचलणं हे आईबापांनीच करावं, असा सल्ला देतात. आपल्या माणसांना हे पाळणं जड जातं. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणारं मराठी जोडपं भारतातून बाळ घेऊन येतं, आजी-आजोबा खास आलेले असतात, बारशाला साठ माणसं येतात आणि बाळ या कडेवरून त्या कडेवर फिरतं. आजीला दुखवायचं कसं, हा प्रश्न खरा आहे. मी म्हणेन, आजीला हे सगळं आधी समजावून सांगा. आजीनं स्वयंपाक सांभाळावा, सुनेला झोप मिळू द्यावी, आणि दोन महिन्यांनी बाळाला मांडीवर घ्यावं. ज्या आजीला कारण कळतं ती हे आनंदानं करते.

हेही सांगायला हवं की प्रेम ठरल्या दिवशी येत नाही. कित्येक वर्षं वाट पाहून मिळालेलं बाळ समोर आहे, आणि मनात फक्त थकवा आहे, असं अनेक आयांच्या, बापांच्या वाट्याला येतं. लाजेनं ते कुणी बोलत नाही. बोलावं. डॉक्टरांशी, जवळच्या मैत्रिणीशी, ज्यांनी दत्तक घेतलं आहे त्यांच्याशी.

हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात फेमी युफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंका, दक्षिण कोरिया, कोलंबिया अशा देशांतून आलेल्या बाळांच्या घरी जाऊन फार साधी मदत केली. आई बाळाला खेळवत असताना थोडं चित्रीकरण करायचं, आणि पुढच्या भेटीत तेच तिला दाखवायचं. चुका दाखवायच्या नाहीत. बाळानं कुठे पाहिलं, हात कसा पुढे केला, आई वळल्यावर चेहरा कसा उजळला, ते थांबवून थांबवून दाखवायचं. शेजारी बसलेली बाई मग बाळाच्या वतीनं बोलते: ‘आई, मला ते पुन्हा हवंय.’ हे वाचताना मला आपल्या घरातल्या बायका आठवल्या. तान्ह्याला मांडीवर घेऊन ‘आम्हाला भूक लागली बाई, आम्हाला कुणी उचलतच नाही’ असं त्याच्या तोंडचं बोलणं त्या सहज बोलून जातात. लायडनच्या या अभ्यासात मदत न मिळालेल्या घरांतल्या २२ टक्के बाळांचं आईशी असलेलं नातं फार गोंधळलेलं आढळलं. चित्रीकरणाची मदत मिळालेल्या घरांत हे प्रमाण ६ टक्के होतं. केवळ तीन भेटींचा हा परिणाम होता. लायडनच्याच २००९च्या एका मोठ्या आढाव्यातून दिसलं, की पहिल्या वाढदिवसाच्या आत दत्तक आलेली मुलं नात्याच्या सुरक्षिततेत इतर मुलांच्या बरोबरीनं असतात. उशिरा आलेल्यांना अधिक वेळ लागतो, पण संस्थेतच राहिलेल्या मुलांपेक्षा तीही खूप पुढे असतात.

बाळाच्या अंगावरच्या खुणाही ओळखाव्या लागतात. भारतीय, कोरियन, आफ्रिकी वंशाच्या अनेक बाळांच्या कमरेखाली निळसर-करडे डाग असतात. ही जन्मखूण आहे, काही वर्षांत विरून जाते. ज्या डॉक्टरांनी असे डाग पाहिलेले नाहीत त्यांना तो मार वाटू शकतो. पहिल्याच तपासणीत ते नोंदवून घ्यावेत, फोटो काढून ठेवावा. डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण हा तसाच. संस्थेतून आलेलं बाळ बहुधा लहानखुरं असतं, आणि पोटभर अन्न आणि हक्काची मांडी मिळाली की भराभर वाढतं. या वेगाची एक दुसरी बाजू स्वीडनमध्ये दिसली: भारतातून दत्तक गेलेल्या मुलींच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळी सरासरी साडेअकराच्या सुमाराला, काहींना तर त्याच्याही बरीच आधी आली होती. बाळ घरी आलं त्या दिवशी हा विचार कुणी करत नाही, पण मुलीच्या डॉक्टरांना तो माहीत असावा.

नाव बदलावं की नाही? ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ मध्ये पुण्यात जन्मली. ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’मधून ती तीन आठवड्यांची असताना दत्तक गेली. संस्थेत तिचं नाव लैला होतं, आईवडिलांनी लिसा ठेवलं. त्या वयात बाळाला नावाचा पत्ता नसतो. साधारण साडेचार महिन्यांचं बाळ मात्र आपलं नाव इतर नावांतून ओळखू लागतं. दहा महिन्यांच्या बाळाला रोज ‘सोनू’ म्हणून हाक मारली जात असेल, तर नवं नाव ठेवलं तरी काही महिने ‘सोनू’ही चालू ठेवावं. त्याच्याजवळचं ते एकमेव सामान आहे.

आणि कागद. फाईलमधला प्रत्येक चिटोरा जपावा, कारण मूल एक दिवस विचारणार आहे. कागद खोटे असल्याच्या घटना जगभर उघड झाल्या आहेत. नेदरलँड्सनं २०२१ मध्ये चौकशी अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं २०२५ मध्ये मान्य केलं, की आईवडील माहीत असलेल्या मुलांनाही अनाथ म्हणून नोंदवलं गेलं. चीननं २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळपास बंद केलं. भारतातही आता देशातल्या पालकांना प्राधान्य आहे. निरोगी तान्ही बाळं बहुतेक इथेच घर पाहतात आणि परदेशी जाणारी मुलं बरीचशी मोठी किंवा विशेष गरजा असलेली असतात. पण देशातल्या देशातही हे सगळं लागू आहे. ओडिशातल्या संस्थेतून पुण्यात आलेल्या बाळाच्या कानाला पुणं हा परदेशच असतो.

कानाकडे परत येतो, कारण सर्वांत विस्मयकारक शोध कानाविषयीचेच आहेत. मराठी कानाला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक सांगावा लागत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. १९८४ मध्ये कॅनडातल्या जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं, की सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळाला हिंदीतला हा त-टचा फरक कळतो. वर्षाच्या आसपास मात्र ते तो ऐकेनासं होतं. बाळ सगळ्या भाषांसाठी उघडे असलेले कान हळूहळू घरच्या भाषेपुरते आवरून घेतं. दत्तक बाळाला हे काम दोनदा करावं लागतं.

मग पहिली भाषा जाते कुठे? २००३ मध्ये फ्रान्समध्ये क्रिस्तोफ पालिए यांनी, तीन ते आठ वर्षांचे असताना कोरियाहून आलेल्या प्रौढांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात कोरियन वाक्यं ऐकवली. त्यांचे मेंदू इतर फ्रेंच माणसांसारखेच वागले. सगळे म्हणाले, भाषा पुसली गेली. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये वेगळं चित्र आलं. साधारण वर्षाची असताना चीनमधून आलेल्या, आता फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी सूर ऐकवले. चिनीतला एकही शब्द त्यांना येत नव्हता, तरी मेंदूचा जो भाग चिनी बोलणाऱ्या मुलींचा उजळला तोच त्यांचाही उजळला. २०१७ मध्ये हॉलंडमध्ये, कोरियात जन्मलेल्या आणि डच घरांत वाढलेल्या प्रौढांना कोरियन व्यंजनं शिकवली. त्यांचे उच्चार इतर डच माणसांपेक्षा चांगले झाले. यातले निम्मे लोक तीन ते पाच महिन्यांचे असताना आले होते, तरी ते मागे नव्हते. त्यांनी कोरियन भाषेत एक शब्दही कधी उच्चारला नव्हता. नुसती ऐकली होती, आणि तीस वर्षांनी ती कामाला आली.

भारतातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांवरही असा प्रयोग झाला. २०११ मध्ये लहर सिंग आणि सहकाऱ्यांनी त्यांना त आणि ट ऐकवले. आधी त्यांनाही फरक कळला नाही. शेजारच्या अमेरिकी मुलांइतकीच ती अनभिज्ञ होती. थोड्याशा सरावानंतर दत्तक आलेल्या मुलांना फरक ऐकू येऊ लागला, अमेरिकी मुलांना नाही.

म्हणून बाळाला न्यायला येणाऱ्या आईबापांना मी सांगेन, शेवटच्या दिवशी घाई करू नका. दुपारच्या पाळीची मावशी येईपर्यंत थांबा. दुभाष्याला जवळ बसवा आणि तिला विचारा, झोप कशी येते, काय आवडतं, कशानं हसतं. मग मोबाईल चालू करून तिच्या शेजारी ठेवा आणि तिला बाळाला शेवटची आंघोळ घालू द्या. ती पाणी ओततानाचं तिचं बोलणं, ओरडणं, ‘झालं, झालं, झालं हं आता’ हे सगळं त्यात येऊ द्या. पहिल्या रात्री, परक्या खोलीत, ते हळू आवाजात लावा. नंतरही जपून ठेवा.